पाचहजारीची रांग

छत्रपती संभाजीनगरात किलेअर्काच्या परिसरात जे विस्तीर्ण पटांगण आहे, त्यास लोक आजही आमखास मैदान म्हणतात, आणि तेथे खेळावयास येणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानी येत असेल की हे नाव मूळचे दरबारी आहे. आम म्हणजे सर्वांसाठी भरणारा आणि खास म्हणजे निवडक अमीर-उमरावांसाठी भरणारा दरबार, आणि या दोन्ही दरबारांत कोणी कोठे उभे राहावे याचा जाबता इतका काटेकोर असे की माणसाची योग्यता त्याच्या आणि तख्ताच्या मधल्या अंतरावरून डोळ्यांनीच मोजता यावी. किलेअर्क औरंगजेबाने १६९२ साली बांधविला. परंतु क्रम लावण्याची विद्या या नगरात त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होती. मलिक अंबराने १६१० साली वसविलेली खडकी, म्हणजे हेच नगर, दख्खनच्या सुभेदारीचे मुख्य ठाणे झाली, तेव्हापासून येथल्या दफ्तरांत माणसांच्या नावांपुढे आकडे मांडले जाऊ लागले, आणि त्या आकड्यांवर कोणाची चूल पेटावी आणि कोणाची विझावी हे ठरू लागले.

आज त्याच नगरातील तरुण कबड्डीचे, क्रिकेटचे किंवा खो-खोचे व्यावसायिक सामने पाहताना हातातील दूरध्वनीवर गुणतक्ता उघडतात, आणि आपल्या आवडत्या संघाचे स्थान चौथे की पाचवे यावरून घटकाभर तावातावाने वाद घालतात. हा वाद पोरकट नव्हे. चौघांनाच पुढे जागा असते अशा स्पर्धेत चौथा संघ बाद फेरीत जातो, पाचवा घरी जातो. बाद फेरीत खेळलेल्या खेळाडूला पुढल्या लिलावात जी बोली लागते ती घरी गेलेल्यास लागेलच असे नाही. आणि ज्याचे आयुष्यातील कमाईचे दिवस फार तर दहा वर्षांचे, त्याच्या दृष्टीने त्या एका स्थानाचे मोल जहागिरीइतके आहे. म्हणून क्रमवारी न्याय्य कशी असावी हा प्रश्न मला पोटापाण्याचा प्रश्न वाटतो, आणि त्याचे उत्तर शोधताना याच नगराच्या जुन्या दफ्तराकडे वळावेसे वाटते.

मनसब या शब्दाचा अर्थच मुळी स्थान असा आहे. अकबराने ही पद्धत बसविली तेव्हा प्रत्येक मनसबदाराच्या नावापुढे एकच आकडा असे. परंतु एका आकड्याने माणसाचा मान आणि त्याची चाकरी या दोन भिन्न गोष्टी सांगता येत नाहीत, हे अनुभवास आल्यावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्या एकाचे दोन आकडे करण्यात आले. पहिला जात, म्हणजे त्या व्यक्तीचा दरबारातील दर्जा व तिचा स्वतःचा तनखा. दुसरा सवार, म्हणजे तिने प्रत्यक्ष बाळगावयाच्या घोडेस्वारांचे माप. दोन मनसबदारांचा जात आकडा सारखाच असला, तर सवार आकड्याकडे पाहिले जाई: सवार जातइतका असेल तर पहिला वर्ग, निम्मा किंवा त्याहून अधिक असेल तर दुसरा, निम्म्याहून कमी असेल तर तिसरा. गुण सारखे झाल्यावर दोन संघांतील तड कशी लावावी हा जो प्रश्न आजच्या साखळी स्पर्धांच्या नियमपुस्तिकांत पानेच्या पाने अडवून बसला आहे, त्याचे एक उत्तर साडेतीन-चारशे वर्षांपूर्वी या दफ्तरांतून रोजच्या रोज दिले जात होते.

याहून मोलाची गोष्ट शाहजहानच्या काळातील एका जाबत्यात आहे, आणि तिच्याकडे इतिहासाच्या वाचकांनी निव्वळ लष्करी तपशील म्हणून पाहून पुढे जावे, याचा मला खेद होतो. ज्या सुभ्यात मनसबदाराची जहागीर असे त्याच सुभ्यात त्याची तैनाती असली, तर त्याने आपल्या सवार आकड्याच्या एकतृतीयांश स्वार हजर करावेत. जहागिरीपासून दूरच्या सुभ्यात तैनाती असली तर एकचतुर्थांश. आणि बल्ख-बदख्शानसारख्या दुर्गम मोहिमेवर असला तर एकपंचमांश केले तरी पुरे, असा तो नियम होता. घराजवळची चाकरी आणि हिंदुकुशापलीकडची चाकरी एकाच मापाने मोजणे हा अन्याय आहे, हे त्या कारकुनांनी ओळखले होते. स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या लोकांच्या जयघोषात, दुबळ्या संघाशी मिळविलेला विजय आणि परक्या गावी, प्रवासाने शिणलेल्या देहांनी, अव्वल संघाशी मिळविलेला विजय यांस गुणतक्त्यात आजही एकच मोल आहे. तेव्हा या बाबतीत आपण त्या दफ्तराच्या मागे आहोत असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

आकडा नेमून देणे एक आणि तो खरा ठेवणे दुसरे. त्यासाठी दाग आणि चेहरा अशा दोन विधींची योजना होती. मनसबदाराने घोडे हजिरीला आणावयाचे; प्रत्येक घोड्याचा रंग व जात पाहून त्याच्या अंगावर तापल्या लोखंडाची सरकारी खूण उठवावयाची; आणि त्यावर बसणाऱ्या शिपायाचा चेहरा, म्हणजे त्याचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, वर्ण, कपाळ रुंद की अरुंद, भुवया जुळलेल्या की अलग, गालावर तीळ आहे की वण, हे सारे बक्षीच्या कारकुनाने वहीत उतरून घ्यावयाचे, असा तो शिरस्ता होता. शेजाऱ्याचे घोडे एका दिवसापुरते मागून आणून हजिरी भरणारे महाभाग तेव्हाही होते, आणि त्यांच्यासाठीच ती तापलेली लोखंडी मुद्रा होती. ज्या क्रमवारीची रुजुवात कोणालाही करता येत नाही ती क्रमवारी फार दिवस टिकत नाही, ही जाणीव त्या मुद्रेमागे होती.

आणि तरीही ही पद्धत अन्यायापासून मुक्त नव्हती. तिचा सर्वांत गाजलेला अन्याय तर प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला, त्यात शंभूराजांना पाचहजारी मनसब देण्याचे ठरले. पुढल्या वर्षी नेतोजी पालकर मोगलांना मिळाले, तेव्हा त्यांनाही पाचहजारीच मिळाली. आणि १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना जेव्हा पाचहजारी मनसबदारांच्या रांगेत, जसवंतसिंहाच्या पाठीमागे, उभे करण्यात आले, तेव्हा त्यांचा जो क्षोभ झाला त्याचे कारण नीट तपासण्यासारखे आहे. नऊ वर्षांचा पुत्र, कालपर्यंत आपल्या हुकुमात असलेला सेनापती, आणि शून्यातून राज्य उभारणारा पुरुष या तिघांना एकच आकडा! आकडा लहान होता एवढेच त्या क्षोभाचे कारण नव्हते. तो आकडा कोणी, कशाच्या बळावर आणि कोणापुढे उभे राहून मिळविला याची कोणतीही खूण त्या रांगेत नव्हती. जो क्रम पराक्रमाचा मागमूस पुसून टाकतो, त्या क्रमापुढे मान तुकविण्याचे कोणत्याही स्वाभिमानी माणसाला कारण नाही.

त्यानंतर दीड वर्षाच्या आत, १६६७ च्या अखेरीस, मोगलांशी नव्याने सलोखा झाल्यावर, दहा वर्षांचे शंभूराजे प्रतापराव गुजर आणि निराजी रावजी यांच्यासह याच नगरात शाहजादा मुअज्जमच्या भेटीस आले, आणि त्यांची पाचहजारी मनसब कायम होऊन वऱ्हाडात जहागीर नेमून देण्यात आली. लहानग्या वयात त्यांनी या नगराच्या दरबारी रांगा पाहिल्या असतील. २०२३ साली या नगराला त्यांचे नाव मिळाले, तेव्हा त्या भेटीची आठवण फारशी कोणी काढली नाही. पाचहजारीचा आकडा येथल्या दफ्तरांतून केव्हाच पुसला गेला आहे. नाव मात्र गावाच्या वेशीवर आहे.

औरंगजेबाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत तर आकड्यांचा सुकाळ झाला. इतिहासकार एम्. अथर अली यांनी केलेल्या गणनेप्रमाणे एकहजारी व त्यावरील मनसबदार १६५८ ते १६७८ या काळात ४८६ होते, ते १६७९ ते १७०७ या काळात ५७५ झाले. त्यांतील मराठे २७ होते ते ९६ झाले. फोडलेल्या प्रत्येक सरदाराला मोठा आकडा देण्यात आला, परंतु त्या आकड्याला पोसण्याइतकी जमीन शिल्लक उरली नाही, आणि मनसब आहे पण जहागीर नाही अशा लोकांची संख्या वाढत गेली. मानांकन वाटावयास सोपे असते; ज्याच्या पाठीशी काही नाही असे मानांकन कागदावर कितीही फुगले तरी बाजारात त्याचा भाव उतरतोच. खेळांच्या आधुनिक मानांकन-पद्धती रचणाऱ्यांना या फुगवट्याची सतत धास्ती असते, ती याच जातीची आहे.

दरबाराच्या भिंतीबाहेर मराठी मुलखाने क्रम लावण्याची स्वतःची एक रीत फार पूर्वीपासून जपली होती, आणि माझ्या मते ती दफ्तरापेक्षाही शहाणी होती. गावच्या जत्रेतील कुस्त्यांचा फड डोळ्यांपुढे आणावा. दुपार कलता हलगी कडाडू लागते, तांबड्या मातीवर पाणी शिंपडलेले असते, आणि आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस मावळण्याच्या सुमारास शेवटची कुस्ती, जिच्यासाठी पंचक्रोशीतील माणूस झाडांवर चढून बसलेला असतो. एखादा अनोळखी मल्ल लंगोट कसून, हात वर करून फडाला फेरी मारतो, आणि पंच त्याला एकदम शेवटच्या कुस्तीत घेत नाहीत. ते त्याला विचारतात, तालीम कोणती, वस्ताद कोण, आणि अखेरीस विचारतात, कोणाला पाडलेस? किती कुस्त्या मारल्या हा प्रश्न कोणी विचारीत नाही. दहा कच्च्या पोरांना आस्मान दाखविणाऱ्यापेक्षा एका नाणावलेल्या मल्लाशी अर्धा तास झुंजून बरोबरीत सुटलेल्याला फड अधिक मान देतो, आणि पुढल्या गावी त्याची जोड त्या मानाने लावली जाते. या रीतीला वही नव्हती. म्हाताऱ्या वस्तादांच्या स्मरणात ती वही होती. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या योग्यतेवरून विजयाचे मोल ठरवावे हे तत्त्व तीत पूर्णपणे आले होते.

या तत्त्वाला राज्यव्यापी रूप देण्याचा प्रयत्न याच नगरात झाला, ही गोष्ट येथल्या रहिवाशांनी अभिमानाने सांगण्यासारखी आहे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि पुढच्याच वर्षी, १९६१ साली, पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा येथे, तेव्हाच्या औरंगाबादेस, भरली. दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी. राज्यात उशिरा येऊन मिळालेल्या प्रदेशाच्या मुख्य शहरी राज्याचा पहिला मल्ल निवडला जावा, यात मला एक औचित्य दिसते. मात्र फडातील स्मरणाची जागा येथे सोडतीने घेतली. सोडत निःपक्षपाती असते, परंतु आंधळी असते. दोन अव्वल मल्ल आरंभीच्याच फेरीत एकमेकांसमोर आले, तर एकाला उपांत्य फेरीही पाहावयास मिळत नाही, आणि दुसऱ्या बाजूने एखादा मध्यम मल्ल सुखाने पुढे सरकतो. पुढे माती आणि मॅट असे दोन विभाग झाले व दोहोंचे विजेते अखेरच्या लढतीत भिडू लागले. नियम बदलले, गुण आले, कालमर्यादा आली. वाद मात्र थांबले नाहीत, कारण जो मल्ल वर्षभर घाम गाळतो त्याचा क्रम एका सायंकाळच्या एका निर्णयावर टांगला जातो. बाद पद्धतीचा हा मूलदोष आहे: ती विजेता सांगते, पण दुसरा, चौथा, आठवा कोण हे तिला सांगता येत नाही.

साखळी पद्धती हा या दोषावरचा उपाय ठरला. इंग्लंडात १८८८ साली बारा क्लबांनी फुटबॉल लीग स्थापन केली, तेव्हा प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा, एकदा आपल्या आणि एकदा परक्याच्या मैदानावर, खेळावे असे ठरले. परंतु विजयाला गुण किती आणि बरोबरीला किती हे स्पर्धा सुरू होऊन काही आठवडे लोटले तरी निश्चित झाले नव्हते, आणि नोव्हेंबरात विजयाला दोन व बरोबरीला एक असा निर्णय झाला. प्रेस्टन नॉर्थ एंड हा संघ त्या पहिल्या हंगामात २२ सामन्यांत १८ विजय व ४ बरोबऱ्या मिळवून ४० गुणांसह अजिंक्य राहिला. या रचनेतील खरा न्याय गुणांच्या संख्येत नव्हता, तो वेळापत्रकात होता. सर्वांनी सर्वांशी समसमान खेळावे, दोन्ही मैदानांवर खेळावे. मग कोणाचा प्रतिस्पर्धी बलवान आणि कोणाचा दुबळा हा प्रश्नच उरत नाही. गुण नंतर बदलले, १९८१ साली इंग्लंडात विजयाला तीन गुण झाले आणि जगाने ते उचलले. परंतु वेळापत्रकाची समता ज्या ज्या ठिकाणी ढळली त्या त्या ठिकाणी अन्यायाचा प्रवेश झाला.

आपल्या कबड्डीचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. हुतूतू म्हणून महाराष्ट्रात खेळल्या जाणाऱ्या या खेळाला विसाव्या शतकाच्या आरंभी एक नियम नव्हता. संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार चालत, आणि हे तीन प्रकार म्हणजे खरे पाहता मोजण्याच्या तीन रीती होत्या. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होई. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईतो बाहेर राही. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदानातच राही व केवळ गुण नोंदला जाई. कोणत्या रीतीने मोजले असता खेळाचे खरे बल दिसते, यावर पुण्या-बडोद्याच्या व्यायामशाळांत वर्षानुवर्षे खल झाला. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली नियम छापून स्पर्धा भरविली, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनमध्ये हा खेळ जगाला दाखविला, आणि १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली. शंकरराव उर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी या खेळासाठी हयात वेचली, तेव्हा त्यांच्यापुढे लिलाव नव्हता, दूरचित्रवाणी नव्हती. नियम न्याय्य असावा एवढीच तळमळ होती.

प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी आठ संघांसह सुरू झाली, आणि तिने विजयाला ५, बरोबरीला ३ आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झालेल्या पराभवाला १ असा हिशेब बसविला. अखेरच्या क्षणापर्यंत झुंजणाऱ्यास काही मिळावे हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. आपल्या फडातील, बरोबरीत सुटलेल्या मल्लाच्या मानाचे ते दूरचे नाते म्हणता येईल. तथापि, आकडे मांडून पाहावेत. बावीस सामन्यांत दहा विजय मिळविणारा आणि उरलेले बारा मोठ्या फरकाने हरणारा संघ ५० गुणांवर राहतो. आठच विजय मिळविणारा, पण चौदा पराभवांपैकी अकरा थोडक्या फरकाने पत्करणारा संघ ५१ गुणांवर जातो. या दोहोंत सरस कोण? याचे उत्तर त्या अकरा निसटत्या पराभवांत समोर कोण उभे होते यावर अवलंबून आहे, आणि नेमके तेच गुणतक्ता सांगत नाही. शिवाय एकतर्फी सामन्यात एकूण ५ गुण वाटले जात, चुरशीच्या आणि बरोबरीच्या सामन्यात ६. म्हणजे एका सामन्याचे एकूण मोलही स्थिर नव्हते. २०२५ च्या बाराव्या हंगामात ही पद्धत सोडून विजयाला २, पराभवाला शून्य, आणि बरोबरी झाल्यास जादा चढायांनी निकाल, असा सोपा हिशेब आला. सोपेपणा आला, पण निसटता पराभव आणि दारुण पराभव पुन्हा एका पारड्यात गेले.

वेळापत्रकाची गोष्ट याहून गंभीर आहे. २०१७ साली प्रो कबड्डीत बारा संघ झाले तेव्हा त्यांचे दोन गट पाडून प्रत्येकाने आपल्या गटातील पाच संघांशी तीन-तीन वेळा आणि दुसऱ्या गटाशी साधारण एकेकदा खेळावे अशी योजना झाली, आणि प्रत्येक गटातील पहिल्या तिघांना पुढे प्रवेश मिळाला; गट कठीण लाभला तर तो दैवाचा भाग. पुढे सर्वांनी सर्वांशी दोनदा खेळण्याची रीत आली, आणि त्या रीतीने खेळल्या गेलेल्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने ९६ गुणांसह पहिले स्थान मिळवून १ मार्च २०२४ रोजी अजिंक्यपदही जिंकले, तेव्हा त्या यशाला कोणाला बोट लावता आले नाही. क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०२२ पासून दहा संघ आहेत, पण प्रत्येकाचे सामने चौदाच. पाच संघांशी दोनदा आणि चौघांशी एकदाच गाठ पडते. कोणाशी दोनदा आणि कोणाशी एकदा हे खेळाडूच्या हाती नसते, आणि हंगामाच्या अखेरीस एका गुणाने किंवा निव्वळ धावगतीच्या दशांशाने एखादा संघ बाहेर जातो, तेव्हा त्या विषम वाटणीची आठवण कोणी काढीत नाही.

अशा विषम क्रमवारीने केवळ हरणाऱ्याचे नुकसान होते असे समजू नये. तिने जिंकणाऱ्याचेही यश काळवंडते. कसोटी क्रिकेटच्या जागतिक अजिंक्यपदाच्या २०२३-२५ या आवर्तनात दक्षिण आफ्रिकेचा संघ ६९.४४ टक्के गुणांसह पहिला आला, परंतु त्या आवर्तनात त्याची इंग्लंडशी आणि ऑस्ट्रेलियाशी एकही मालिका नव्हती. त्यामुळे हे स्थान सोप्या वाटेने मिळाले अशी कुजबूज जगभर झाली. १४ जून २०२५ रोजी लॉर्ड्सवर त्यांनी ऑस्ट्रेलियाला पाच गडी राखून हरविले आणि ती कुजबूज थांबली. पण ज्यांनी आपल्या वाट्याला आलेला प्रत्येक सामना प्रामाणिकपणे खेळला, त्यांना आपले स्थान खरे आहे हे पुन्हा सिद्ध करावे लागावे, हा दोष त्यांचा नव्हता, तक्त्याचा होता.

यावरचा उपाय जगाला सापडलेला आहे, आणि तो आपल्या फडाच्या फार जवळचा आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी एक पद्धत रचली. ती अमेरिकेच्या संघटनेने १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. तिचे मर्म थोडक्यात असे की सामन्यापूर्वीच दोघांच्या मानांकनांवरून अपेक्षा ठरवावी, आणि सामन्यानंतर अपेक्षेपेक्षा जे अधिक किंवा उणे घडले तेवढेच मानांकन हलवावे. दोघांत २०० गुणांचे अंतर असेल, तर वरचढ खेळाडूकडून शंभरात सुमारे ७६ गुणांची अपेक्षा धरली जाते. एका डावात फार तर २० गुण हलावयाचे असतील, तर तो जिंकल्यास त्याला जेमतेम पाच मिळतात, आणि दुबळा जिंकल्यास त्याला पंधरा मिळतात. कोणाला पाडलेस, हाच तो वस्तादाचा प्रश्न; एलो यांनी त्याला गणिताची भाषा दिली. कसोटी संघांचे मानांकन आणि २०१८ पासून फुटबॉलच्या पुरुषांच्या राष्ट्रीय संघांचे मानांकन याच तत्त्वाच्या आधाराने चालते. व्यावसायिक लीगनी मात्र आपल्या गुणतक्त्याच्या उंबरठ्याबाहेर त्याला ठेवले आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला विचारार्ह वाटतो: प्रेक्षकाला गुणतक्ता बोटांवर मोजता आला पाहिजे. शेवटच्या मिनिटाला चढाईपटू मध्यरेषेकडे परतत असताना गॅलरीतील माणसाला कळले पाहिजे की हा परतला तर आपण पुढे जातो. गणकयंत्राने रात्री उशिरा काढलेल्या दशांशांनी त्याचे समाधान होणार नाही. शिवाय विजयाच्या फरकालाही मोल दिले तर दुबळ्या संघाला विनाकारण रगडण्याची प्रवृत्ती बळावते, हे शहाण्यांनी ओळखले आहे. म्हणून गुणतक्ता मोडून टाकावा असे मी म्हणत नाही. बाद फेरीची पहिली दारे गुणांनीच उघडावीत. परंतु गुण सारखे झाल्यावर तड लावताना निव्वळ धावगतीकडे किंवा गुणफरकाकडे धाव घेण्याआधी, ज्यांच्याशी तुम्ही खेळलात त्या संघांनी स्वतः किती विजय मिळविले, याची बेरीज पाहावी; बुद्धिबळाच्या स्पर्धांत अशी तड फार दिवसांपासून लावली जाते, आणि ती कोणत्याही शाळकरी मुलास कागदावर करता येते. जेथे सर्वांनी सर्वांशी समसमान खेळणे शक्य आहे, तेथे त्यासाठी जागा आणि दिवस काढावेत, मग जाहिरातदारांची सोय थोडी मागे पडली तरी चालेल. आणि हिशेबाचा प्रत्येक टप्पा, दागाच्या खुणेसारखा, कोणालाही तपासता यावा असा उघडा ठेवावा.

मराठवाड्यातील जिल्ह्या-जिल्ह्यांत आज कबड्डीच्या आणि क्रिकेटच्या लहानमोठ्या लीग भरतात, फ्लेक्सवर गुणतक्ते लागतात, आणि त्यांत सामने, विजय, पराभव, गुण असे चार रकाने असतात. संयोजकांना माझी विनंती एवढीच की येत्या हंगामात त्या चारांपुढे पाचवा रकाना आखावा, आणि त्यात त्या संघाने ज्यांच्याशी झुंज दिली त्यांच्या विजयांची बेरीज लिहावी. रंगाऱ्याला त्यासाठी एक उभी रेघ अधिक ओढावी लागेल.